हुला बसवायचाय? मग आधी विचारा, ‘कुठला पाऊस?’

प्रश्न नाशिकच्या एका शिक्षिकेचा आहे. स्नेहसंमेलनात सहावीच्या बारा मुलींचा ‘हवाईयन डान्स’ बसवायचाय. गाणं ‘लिलो अँड स्टिच’ या कार्टूनपटातलं ठरलंय, ड्रेसवाल्याकडे गवताचे घागरे आणि नारळाच्या करवंट्या भाड्याने मिळतायत, डिपॉझिटही भरून झालंय. त्या विचारतात: खरा हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, असाच असतो का? जुना हुला आणि आजचा हुला यांत फरक काय? कंबर किती हलवायची, कारण पालक नावं ठेवतील? आणि शाळेतले संगीताचे सर हवाईयन गिटार वाजवतात, ती साथीला चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. सरांची गिटार नुसती चालेल कसली, धावेल. त्यांना सोडू नका. करवंट्या मात्र परत करून टाका. का, ते पुढे येईलच.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी दादरची. लग्नाआधी बारा वर्षं कथक शिकले आणि गेली एकोणीस वर्षं कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका हालाउत हुला शिकतेय. हालाउ म्हणजे हुलाची शाळा आणि तिथल्या गुरू म्हणजे कुमू. आमच्या कुमू मूळच्या हवाईतल्या हिलो गावच्या. मी लहान मुलांच्या वर्गाला मदत करते, पण मी कुमू नाही. ते पद गुरूने द्यायचं असतं, वर्षं मोजून आपलं आपण घ्यायचं नसतं. तेव्हा हे एका जुन्या विद्यार्थिनीचं बोलणं समजा.

पहिल्या वर्षीची गोष्ट. हिलोच्या पावसावरचं एक गाणं चालू होतं. माझी पाळी आली तशी मी कथकची सगळी पुंजी बाहेर काढली. दोन्ही हात वर, बोटं थरथरवत खाली, नजर हातामागे, भुवई किंचित उचललेली. मनात म्हटलं, आता कौतुक होणार. कुमूंनी वाजवणं थांबवलं आणि विचारलं, “कुठला पाऊस?” मी म्हटलं, पाऊस. “हो, पण कुठला?” मला उत्तर येईना. त्या दिवशीचा नाच तिथेच थांबला. सगळ्यांना खाली बसवून वह्या काढायला लावल्या आणि गाण्यातला एकेक शब्द अर्थासकट लिहून घेतला. पुढचे दोन आठवडे आम्ही उभ्यासुद्धा राहिलो नाही.

हवाईत पावसाला नावं असतात आणि ती त्या त्या गावाची असतात. हिलोचा कानिलेहुआ, लेहुआच्या फुलांत वाजत येणारा. होनोलुलूच्या मागच्या मानोआ खोऱ्यातला तुआहिने, धुक्यासारखा भुरभुरणारा. वाइमेआचा किपुउपुउ, गार आणि अंगाला टोचणारा. हिलोत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या माणसाचं एका शब्दावर भागायचं कसं? मला आजी आठवली. ‘पाऊस आला’ असं ती क्वचितच म्हणायची. वळीव आला, मृग लागला, झड बसली, हस्त कोसळला. वळवाचा हात आणि झडीचा हात सारखा कसा असेल? एवढं साधं माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं.

तुम्हाला हुलाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: हुला शब्दांवर नाचतात. त्या काव्याला मेले म्हणतात. नुसतं म्हटलं तर त्याला ‘ओली’ म्हणायचं, नाचून म्हटलं तर ‘मेले हुला’. ढोल नसला, गिटार नसली, नुसता माणसाचा आवाज असला तरी हुला उभा राहतो. शब्द काढून घेतले की खाली उरते ती कवायत. हवाईत पूर्वी लिपी नव्हती. राजांच्या वंशावळी, पेले या ज्वालामुखीच्या देवीची आख्यानं, वाऱ्यांची नावं, सगळं मेलेत बांधून पाठ करायचं आणि पुढच्या पिढीच्या तोंडी द्यायचं. म्हणून तिथे गाण्यातला शब्द चुकणं ही लहान चूक धरत नाहीत.

शब्दही नाजूक. हवाईयन भाषेची वर्णमाला तेरा अक्षरांची, त्यातले पाच स्वर, आणि आठ व्यंजनांतलं एक म्हणजे घशात घेतलेला नुसता एक अडखळा. ऱ्हस्व-दीर्घ बदललं की अर्थ बदलतो. ‘पौ’ म्हणजे संपलं. तेच लांबवून, मध्ये किंचित थांबून ‘पा-ऊ’ म्हटलं की हुलाचा घागरा. दिन आणि दीन शिकलेल्या आपल्या मुलींना हे रोमन लिपीपेक्षा देवनागरीत चटकन कळेल. गाणं त्यांना देवनागरीतच लिहून द्या. आणि जमलं तर त्या छोट्या गिटारसारख्या वाद्याला ‘युकेलेली’ऐवजी ‘उकुलेले’ म्हणायला शिकवा.

आता जुनं आणि नवं. जुन्या पद्धतीच्या हुलाला काहिको म्हणतात, नव्याला आउआना. काहिकोत सूर जवळजवळ एका पट्टीत फिरतो, साथीला म्हणणाऱ्याचा आवाज आणि तालवाद्य. सगळ्यात मानाचं वाद्य पाहु: नारळाच्या खोडाचा उभा ढोल, तोंडावर शार्कचं कातडं. ला’आमाइकाहिकी नावाच्या पुरुषाने तो ताहितीहून आणला असं परंपरा सांगते. रोजच्या रियाजात असतो तो इपु हेके, म्हणजे एकावर एक बसवलेले दोन वाळवलेले भोपळे, छोटा वर, मोठा खाली. समोर घडी घातलेलं कापड ठेवायचं, भोपळा मानेला धरून त्यावर आपटायचा, की निघतो ‘ऊ’. उजव्या हाताच्या बोटांनी पोटावर थाप मारली की ‘ते’. हे नुसतं वर्णन नाही, हे बोल आहेत. आम्ही ठेका तोंडाने म्हणून शिकतो: ऊ… ऊ-ते-ते, ऊ… ऊ-ते-ते. तबल्याचे बोल घोकत वाढलेल्या माझ्यासारखीला परदेशात हे ऐकून किती घरी आल्यासारखं वाटलं असेल, ते सांगायला नको.

शिवाय इलिइली असतात: लाटांनी गुळगुळीत केलेले चार दगड, एकेका हातात दोन-दोन, चिपळ्यांसारखे वाजवायचे. दिसतं सोपं. पहिल्या महिन्यात माझ्या अंगठ्याच्या बुडाशी फोड आला होता आणि दगड वाजण्यापेक्षा पडत जास्त होते.

आउआना या शब्दाचा अर्थ भटकणं, वाहत जाणं. यात गिटार, उकुलेले, बास, सुरावटीचं गाणं, लांब झगे, फुलांच्या माळा. ही दोन नावं एवढी रूढ झाली ती हिलोच्या मेरी मोनार्क उत्सवामुळे. ईस्टरनंतरच्या आठवड्यात तो भरतो. स्पर्धा १९७१ पासून. शुक्रवारी संघांचा काहिको, शनिवारी आउआना. मी एकदाच गेलेय, तेही बुधवारच्या मोफत कार्यक्रमाला, कारण बाकीच्या दिवसांची तिकिटं मिळणं म्हणजे लॉटरी. बाहेर कानिलेहुआ धो धो, आत हजारो माणसं, आणि म्हणणाऱ्या बाईंनी पहिला सूर लावला तशी ती सगळी गप्प.

पण जुनं ते शुद्ध आणि नवं ते बाटलेलं, असं मनात धरू नका. अमेरिकन मिशनरी १८२० मध्ये हवाईत उतरले, त्यांना हुला अश्लील वाटला. ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली. पुढे बंदी सैल झाली तरी १८५९ पासून परवान्याची भानगड आली. हुला मेला नाही, शहरातून उठून खेड्यात गेला. मग राजा कलाकौआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात होनोलुलूच्या राजवाड्यासमोर उघड हुला करवला. कार्यक्रमपत्रिकेत हुलांची नावं छापली म्हणून छापखानेवाल्यांवर अश्लीलतेचा खटला झाला! आपल्याकडे तमाशाला जे ऐकावं लागलं, तेच ते. राजाने १८८६ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी पुन्हा हुला करवला, तेव्हा भोपळ्याशेजारी उकुलेले आली होती. या मिश्र प्रकाराला हुला कुइ म्हणत. कुइ म्हणजे जोडणं. आज ज्याला आपण ‘नवा’ म्हणतो त्याला दीडशे वर्षं होत आली, आणि तो जुन्यावर माया करणाऱ्या माणसाच्या छत्राखाली वाढला. मेरी मोनार्क, म्हणजे रसिला राजा, हे नाव त्याचंच.

उकुलेलेही बाहेरचीच. मदेराच्या पोर्तुगीज मजुरांना घेऊन रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज ऑगस्ट १८७९ मध्ये होनोलुलूला लागलं, त्यांच्याकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून त्यांच्यातल्याच सुतारांनी कोआ लाकडाची उकुलेले घडवली. गिटार त्याआधीच, १८३०च्या दशकात, गुरं सांभाळायला आणलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर आली. हवाईच्या लोकांनी तिच्या तारा आपल्या मनाने सैल करून नवी जुळणी केली आणि अंगठ्याने खर्ज, बोटांनी सुरावट अशी ‘की होआलु’ नावाची शैली निघाली. कोरसचे सूर चर्चच्या प्रार्थनांतून. सगळं उसनं, आणि तरी दोन मिनिटं ऐकलं की हे हवाईचंच, दुसऱ्या कुणाचं नाही, हे कळतं. आपल्या भजनातली पेटी कुठून आली, हे पखवाजवाला विचारत बसतो का?

एक दुखरी गोष्टही सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय ही गाणी नुसती गोड वाटतात. राणी लिलिउओकलानी, जिची गाणी आजही घरोघर गातात, तिला १८९३ मध्ये अमेरिकन व्यापारी गटाने गादीवरून काढलं. १८९५ मध्ये तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत तिला कैद केलं. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि हवाईयन बोलणाऱ्या पोरांना मार बसू लागला. मेले पाठ असणारी आजी आणि ती न कळणारी नात, असं एकेका घरात झालं. १९७०च्या दशकात तरुण मुलं आज्यांकडे परत गेली. गॅबी पाहिनुईसारख्या वादकाच्या अंगणात बसून गिटार शिकली, मायकी आइउ लेक यांच्यासारख्या कुमूंकडे हुला शिकली. पुरुषांचे संघही १९७६ पासून मेरी मोनार्कमध्ये उतरले. १९७८ मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. माउना केआ डोंगरावर दुर्बीण बांधायला विरोध झाला तेव्हा, २०१९ मध्ये, लोक रस्त्यात रोज हुला करत होते. मोर्चात पोवाडा म्हणतात ना, तसा.

अलीकडचं काय ऐकावं? जेनोआ केआवे यांचा उंच, मधूनच फुटून वर चढणारा आवाज. तो फुटणं हीच त्या गायकीतली कमाई, दोष समजू नका. केआलिई राइशेल, जे स्वतः कुमूही आहेत. इस्राएल कामाकाविवोओले यांचं इंद्रधनुष्याचं गाणं तुम्ही रीलमध्ये ऐकलंच असेल. आवाज हवाईचा, उकुलेले हवाईची, पण गाणी दोन्ही अमेरिकन, जोडून गायलेली. त्यांची हवाईयन गाणी शोधा, ती जास्त मोठी आहेत असं माझं मत. रेगे मिसळलेलं ‘जवाईयन’ मला फारसं भावत नाही; आमच्या वर्गातली कॉलेजची मुलं त्यावरून माझी टिंगल करतात.

कंबरेचा प्रश्न. पालकांना सांगा, हुलात कंबर कुणी हलवत नाही, ती हलते. गुडघे वाकवायचे, छाती आणि खांदे स्थिर, आणि पावलं टाकायची. काहोलो हे पहिलं पाऊल: उजवीकडे एक, डावा जवळ, उजवीकडे आणखी एक, डावा टेकवून चौथी मात्रा. मग तसंच डावीकडे. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं तशी कंबर आपोआप झुलते. डोक्यावर कळशी घेतलेली बाई चालते तशी. कमरेचं वर्तुळ घ्यायची ‘अमी’ नावाची चाल आहे, तीही संथ आणि गुडघ्यातून निघालेली. ती जी थरथराट करणारी कंबर तुम्ही व्हिडिओत पाहता, ती ताहितीची ओतेआ. वेगळं बेट, वेगळा नाच, मध्ये चार हजार किलोमीटर समुद्र. वाइकीकीच्या हॉटेलांतल्या शोमध्ये दोन्ही एकामागून एक लावतात, म्हणून घोळ होतो. आपल्याकडे कथकात ‘जिथे हात तिथे दृष्टी’ शिकवतात, हुलातही पहिला धडा तोच: हात बघा. फरक एवढाच की आपल्या हस्तमुद्रा ग्रंथात बांधलेल्या असतात, हुलातले हात घराण्याचे असतात. आमच्या कुमूंची ‘लाट’ शेजारच्या हालाउची ‘लाट’ नसते.

गवताचा घागरा म्हणाल तर तोही मूळचा हवाईचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिल्बर्ट बेटांवरून, म्हणजे आजच्या किरिबाटीतून, आलेल्या मजुरांबरोबर तो आला. मग पर्यटकांच्या शोने आणि हॉलिवूडने तो उचलला, सेलोफेनचासुद्धा केला. हवाईत ‘ती’ नावाच्या झाडाची ओली हिरवी पानं बांधतात किंवा कापडाचा पाऊ घालतात. आणि करवंट्या ही निव्वळ रंगमंचाची गंमत. सहावीच्या मुलींना त्या घालायच्या कशाला? हवाईच्या माणसाला हे सगळं बघून लाज आणि राग दोन्ही येतं. २०२१ मध्ये तिथल्या अनेक कुमूंनी एकत्र येऊन हुलाचा असा बाजार थांबवा असं जाहीर केलंय. शिंप्याला सांगा: तीन-चार वार सुती कापड, एकरंगी किंवा मोठ्या फुलांचं, कमरेला इलॅस्टिकच्या तीन-चार ओळी, पोटरीपर्यंत लांबी. झाला पाऊ. वर साधा ब्लाऊज. भाड्यापेक्षा स्वस्त पडेल.

आता तुमचं गाणं. त्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या गाण्यात मार्क केआलिई होओमालू यांनी कलाकौआ आणि लिलिउओकलानी यांच्या जुन्या नाममेलेंतल्या ओळी गुंफल्या आहेत. नाममेले म्हणजे राजाच्या नावाने रचलेलं स्तोत्र. त्यावर कंबर हलवत टाळ्या घेणं म्हणजे शिवरायांच्या पोवाड्यावर कॅब्रे. शिवाय शब्द भराभर येतात, सहावीच्या मुलींची दमछाक होईल. मी असते तर बदललं असतं.

बदलताना एक सावधगिरी. हवाईयन गाण्यात ‘काओना’ असतो, म्हणजे आतला अर्थ. वर फूल, पाऊस, माळ. आत प्रियकर आणि बरंच काही. लावणीत आंबा म्हणजे नुसता आंबा नसतो, तसं. गोड चाल ऐकून एक गाणं मी एकदा लहान मुलींना बसवायला घेतलं होतं. कुमूंनी बाजूला घेऊन अर्थ सांगितला, आणि मी लाल झाले.

म्हणून तुम्हाला ‘पुपु आओ एवा’ सुचवते. त्याच्यावरून झालेलं इंग्रजी ‘पर्ली शेल्स’ तुम्ही ऐकलं असेल, पण मूळ हवाईयन घ्या. ओआहू बेटावरच्या एवा भागातले शिंपले, तिथली नवी खबर बघायला लोटलेली माणसं, आणि पुउलोआचं पाणी, जिथून शार्कदेवी काआहुपाहाउ ये-जा करते. पुउलोआ म्हणजे आजचं पर्ल हार्बर. ही देवी तिथल्या माणसांना राखायची असं मानतात. मुलींना ही गोष्ट आधी सांगा, नकाशावर जागा दाखवा, मग शब्द पाठ करून घ्या. पहिले आठ दिवस नाच नाहीच. मग ‘समुद्र’ दाखवताना एखादी मुलगी पाण्याखाली काय आहे ते जाणून हात फिरवेल, आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

आता सरांच्या गिटारकडे येते, इथे माझा हात थोडा सैल सुटणार आहे.

माझा काका गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा. गणपतीत दहा रात्री, एरवी लग्नांत. लहानपणी मला वाटायचं, हवाई जहाजासारखी हवाई गिटार, हवेत उडणारे सूर म्हणून हवाईयन. काकालाही हवाई नकाशावर दाखवता आली नसती. गिटार मांडीवर आडवी, तारा फळीपासून उचललेल्या, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात स्टीलचा जड बार. तो बार तारेवरून घसरला की ‘ग’ आणि ‘म’ यांच्या मधली सगळी वाट ऐकू यायची. मी वाजवायला मागितली की म्हणायचा, आधी गाणं म्हण. शब्द कुठे तुटतो, श्वास कुठे घेतेस, ते बघ. तिथेच बार उचलायचा. शब्द माहीत नसला तर नुसती मांजर ओरडल्यासारखी वाजेल. पंचवीस वर्षांनी कुमूंनी ‘कुठला पाऊस?’ विचारलं, तेव्हा मला काकाचाच आवाज ऐकू आला.

ही वादनपद्धत ओआहूच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू याने रूढ केली. जन्म १८७४चा. शाळकरी वयात, १८८०च्या दशकात, त्याने तारेवर लोखंडाचा तुकडा घासून पाहिला. तो बोल्ट होता, कंगवा होता की चाकू, यावर सांगणाऱ्यागणिक गोष्ट बदलते. भारतात जन्मलेला गेब्रियल डेव्हियन नावाचा एक तरुण त्याच सुमारास होनोलुलूत तारेवर काहीतरी घासून वाजवायचा, असंही सांगतात. आपल्या लोकांना ही गोष्ट फार आवडते, लगेच तारेवर गोळा घासत वाजवायच्या आपल्या विचित्रवीणेपर्यंत पोचतात. मला विचाराल तर श्रेय केकुकूचं. त्याने बार घडवला, तारा उचलल्या, वर्षानुवर्षं रियाज केला आणि १९०४ मध्ये ते वाद्य घेऊन बाहेर पडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या प्रदर्शनात अमेरिकेला या आवाजाचं वेड लागलं. इतकं, की रिकनबॅकर कंपनीने १९३२ मध्ये बाजारात आणलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर वाजवायची हवाईयनच होती. दिसायला तव्यासारखी, म्हणून तिचं नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’.

आपल्याकडे ती फिरत्या कलाकारांबरोबर आली. लाइएतच वाढलेले ताउ मोए आपल्या कुटुंबासह जगभर हिंडले आणि १९४०च्या दशकात बरीच वर्षं कलकत्त्याला राहिले. तिथल्या वादकांनी ती उचलली, मग रवींद्रसंगीत, मग मुंबईचे सिनेमे. व्हॅन शिपली यांच्या गिटारवर वाजलेल्या फिल्मी चाली आमच्या काकाच्या पिढीने तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तुमच्या सरांकडे नक्की असेल. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा हे त्याच झाडाचं पुढचं फळ. गंमत म्हणजे वाद्य आलं, शब्द मागेच राहिले. हुला आलाच नाही. आपल्याकडे ‘हवाईयन’ म्हणजे फक्त गिटार.

सरांना एवढं सांगा. तालासाठी वेगळं कुणीतरी घ्या, उकुलेले किंवा साधी गिटार. स्टील गिटारने शब्दांच्या मध्ये बोलायचं, शब्दांवर नाही. मींड घ्या, पण रागातली लांब आंदोलनं आवरा. दोन कडव्यांच्या मध्ये दोन मापांचा छोटा तुकडा वाजतो, त्याला व्हँप म्हणतात. तो चालू असताना मुली काहोलो करतात, आणि पुढच्या कडव्याचे पहिले शब्द मोठ्याने ओरडून सांगतात. याला काहेआ म्हणतात. वादकाला इशारा मिळतो आणि मुलींना पाठ आहे हे सगळ्या सभागृहाला कळतं. प्रत्येक कडवं दोनदा घ्यायचं. बहुतेक गाण्यांचं शेवटचं कडवं ‘हाइना’ या शब्दाने सुरू होतं, म्हणजे ‘आता सार सांगते’. ‘तुका म्हणे’ आलं की अभंग संपत आला हे आपल्याला कळतं ना, तसंच.

आणि बारा मुलींना उभं करायचं टेन्शन असेल तर त्यांना बसवा. हुला नोहो, म्हणजे गुडघ्यांवर बसून करायचा हुला, हा अस्सल प्रकार आहे, आणि त्यात कमरेचा प्रश्नच मिटतो. हातात पुइली द्या: हातभर लांबीचा बांबू, मुठीपुरता अखंड, पुढचा भाग उभ्या चिरा देऊन पट्ट्या केलेला. आपटला की सळसळतो. नाशिकला बुरूडआळीत कुणीही अर्ध्या तासात करून देईल, फक्त कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, बोटाला कुसळं लागतात. मुली जोडीने समोरासमोर बसतील: एक ठोका जमिनीवर, एक आपल्याच पुइलीवर, एक समोरचीच्या. टिपऱ्या खेळलेल्या मुलींना दोन दिवसांत जमेल. आमच्या वर्गातल्या गुजराती आणि मराठी मुली याच प्रकारात पुढे असतात, आणि कुमूंना ते कोडं अजून सुटलेलं नाही.

गळ्यात प्लास्टिकच्या माळा नकोत. तुमच्याकडची शेवंती किंवा झेंडू चालेल. लेइ म्हणजे हाताने ओवून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची माळ, एवढंच. कार्यक्रम झाल्यावर ती कचऱ्यात टाकत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी सोडतात. निवेदन करणाऱ्या मुलीकडून गाण्याचा अर्थ तीन वाक्यांत आधी सांगून घ्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘हवाईयन डान्स’ऐवजी गाण्याचं नाव लिहा.

करवंट्यांचं डिपॉझिट परत घेताना पावती जवळ ठेवा.